विल्फचा अडकलेला शब्द

हसू नका. गोलकीपर तोतरा असला की काय होतं, ते त्याच्या पुढ्यात उभं राहून खेळलेल्या माणसाला विचारा. माझ्या कपाळावरची ही खूण विल्फ एंटविसलच्या गुडघ्याची आहे.

नऊ हंगाम मी स्कारहोमच्या फुटबॉल संघात त्याच्या पुढे बचावाला खेळलो. चौथ्या श्रेणीतला आमचा क्लब. घोट्यापर्यंत चिखल आणि तोंडभर शिव्या देणारे प्रेक्षक. विल्फ कोळशाच्या खाणीतून आलेला, ताडमाड, हात म्हणजे फावडी. त्या हातात आलेला चेंडू सुटायचा नाही. पण गोलसमोर उंचावरून चेंडू आला की कीपरनं "कीपर!" म्हणून ओरडायचं असतं, म्हणजे आम्ही बाजूला होतो. आणि नेमका तोच शब्द विल्फच्या घशात अडकायचा. "क… क… क…" तोवर मी उडी मारलेली असायची. धडाम!

"दुसरं काहीतरी ओरड की लेका! 'माझा' म्हण, 'सोड' म्हण!"

"रे-रेफरी शि-शिट्टी मारतो त्याला."

तेही खरंच. नुसतं 'माझा' म्हटलं की समोरच्यांना फसवलं म्हणून फ्री किक.

गंमत म्हणजे शिवी देताना त्याची जीभ कधीच अडखळायची नाही. मग दोन हंगाम आम्ही त्यावरच काढले. मागून खणखणीत "क्लिफ, हरामखोरा!" आलं की मी खाली वाकायचो. प्रेक्षक खूश! माझी बायको एनिड मात्र लाजेनं सामन्यांना यायची बंद झाली. पण रेफरींनी तीनदा त्याचं नाव लिहून घेतलं, त्याच्यावर दोन आठवड्यांची बंदी आली आणि आमचे मॅनेजर होल्डनसाहेब खवळले.

एप्रिल चौसष्ट, हंगामातला शेवटचा सामना. पुढच्या हंगामाला कुणाला ठेवायचं, त्याची यादी सोमवारी लागणार होती. साहेबांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं.

"विल्फ, आज शिवी दिलीस तर यादीत नाव नाही. न ओरडता गोल सोडून बाहेर आलास तरी नाही. आणि क्लिफ, तू तेहेतीसचा झालास. तुझ्या चुकीनं गोल झाला, तर तूही घरी बस."

विल्फनं चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. "ख-खाणीत नाही जायचं रे मला प-परत," तो पुटपुटला.

"तू ओरड फक्त. बाकी मी बघतो," मी म्हणालो.

आम्ही एका गोलनं पुढे होतो. चेंडू आमच्या बाजूला आला की माझा जीव कानात गोळा व्हायचा. सत्तर मिनिटं विल्फ जागेवरच थांबला, बाहेर आलाच नाही. मग त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू वाऱ्यावर हेलकावत आला आणि मागून आवाज आला, "कीपर!"

अख्खा शब्द. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला खरंच वाटेना. माझ्या पाठीमागे त्यांचा नऊ नंबरचा, गोल मारणारा गडी उभा होता. मी उडी मारली.

माझं डोकं विल्फच्या मनगटावर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि चेंडू जाळ्यात गेला.

सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये साहेब माझ्यासमोर उभे राहिले. "ओरडला होता का तो?"

प्रेक्षकांच्या गोंगाटात तो शब्द माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही, साहेब."

विल्फ मोडकं मनगट पोटाशी धरून बाकावर बसला होता. "मा-माफ कर क्लिफ," तो म्हणाला. "मला वा-वाटलं, मी ओ-ओरडलो."

सोमवारी यादीत माझं नाव होतं. त्याचं नव्हतं. तसलं मनगट घेऊन खाणीतही कुणी ठेवेना; मग तीस वर्षं शाळेत शिपाई राहिला, आता तिथूनही निवृत्त झालाय. मला स्वतःची लाज वाटते, पण सांगायला तोंड उघडत नाही.

दर शनिवारी आम्ही सामना बघायला शेजारी शेजारी बसतो. आमचा नवा कीपर ओरडून चेंडू धरतो, तेव्हा विल्फ मला कोपरानं ढोसतो आणि म्हणतो, "ब-बघ. असं ओ-ओरडायला हवं होतं मी."