लाकडाची जाळी आणि अण्णांचा नकार

अण्णांशी माझी ओळख भांडणाने झाली. मी मिलच्या डिझाइन विभागात नवीन लागले होते; छापील साड्यांचे नमुने एअरब्रशने कागदावर रंगवायचे, हे माझं काम. टेबलाचा पाय डुगडुगायचा म्हणून मी सुतारखात्यात तक्रार घेऊन गेले. तिथे एक उंच गृहस्थ लेथवर सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनी कातत उभे होते. मान वर न करताच म्हणाले, "टेबल इथे आणा. खामखा आम्हाला कशाला फिरवता?" मी तणतणत परतले. दुपारी हेच गृहस्थ हत्यारं घेऊन माझ्या दारात! पाय ठोकून झाल्यावर त्यांनी माझ्या नमुन्याकडे पाहिलं आणि जाता जाता सांगितलं, "निळा जरा जास्त झालाय." मला भयंकर राग आला, कारण तो खरोखरच जास्त झाला होता. श्री. मुकुंदराव वझरकर, जे पुढे आपणा सर्वांचे अण्णा झाले, ते हेच.

मग मिल बंद पडली. वर्तमानपत्रं नव्या आर्थिक धोरणाचं कौतुक करत होती, शोरूममध्ये नव्या गाड्या येत होत्या आणि आमच्या फाटकाला कुलूप होतं. काल-परवापर्यंत ज्यांच्या हाताखाली माणसं होती, ते जॉबर भाजीच्या गाड्या लावू लागले. काहीजण नुसतेच घरी बसले, आणि बसले ते बसलेच. कोणी मेलं, कोणी वेडं झालं. त्या काळाबद्दल आता सभांमधून गोड बोललं जातं, ते मला सहन होत नाही.

अण्णांनी भंगारात निघालेला एक छोटा लेथ छत्रीबागेतल्या घराच्या ओसरीत आणून बसवला. बॉबिनी आता कोणाला हव्या होत्या? म्हणून ते वाडगे आणि ताटल्या कातू लागले. दुधी नावाच्या झाडाचं पांढरं लाकूड ओलं असतानाच लेथवर चढवायचं, मागे बल्ब लावायचा आणि भिंत पातळ करत न्यायची. लाकडातून उजेड लालसर दिसू लागतो. तो सगळीकडे सारखा दिसला की थांबायचं. मग त्या पातळ भिंतीत बारीक जाळी कोरायची; त्या यंत्राची गोष्ट तर ठाऊकच असेल. तुकोगंजातल्या एका दंतवैद्यांकडे अण्णा दाढ दाखवायला गेले होते. तिथे दात कोरायचं जुनं यंत्र मोडीत निघालेलं दिसलं. अण्णा दाढ तशीच ठेवून यंत्र घेऊन घरी आले.

मी तेव्हा काहीच करत नव्हते. दिवसेंदिवस केससुद्धा विंचरत नसे. एक दिवस अण्णा आले, दोन कोरलेले वाडगे पुढे ठेवले आणि म्हणाले, "रंग पडून आहेत ना तुझ्याकडे? वाळून जातील, सुधा." एवढंच. माझी विचारपूस केली नाही, धीर दिला नाही. त्या दिवशी कोणी धीर दिला असता तर मी रडले असते आणि पुन्हा निजले असते.

ते पहिले दोन्ही वाडगे आम्ही नासवले. मिलमध्ये कापड आधी विणायचं आणि छपाई शेवटी. त्या सवयीने आम्ही जाळी आधी कोरली आणि रंग शेवटी मारला. फवारा भोकांतून आत घुसला आणि आतल्या पांढऱ्या लाकडावर गोवर उठल्यासारखे ठिपके उमटले. अण्णांनी आत बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "मतलब, मिल अजून डोक्यातून गेली नाही." तेव्हापासून रंग आधी, जाळी नंतर. पुढे या वाडग्यांना परगावाहून मागणी आली, प्रदर्शनं झाली. ते सारं या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलंच आहे.

मला लिहायचं आहे ते अण्णांच्या नकाराबद्दल. त्यांचा भाचा विलास पॉलिटेक्निकला होता. "मिलसारखी पक्की नोकरी नाही," असं सांगून अण्णांनीच त्याला शिक्षण सोडायला लावलं, सुतारखात्यात चिकटवलं, लेथ हातात दिला. मुलगा मामाच्या वरताण निघाला. मिल बंद झाल्यावर त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. त्याने विष घेतलं. अण्णांनी त्यानंतर कोणालाही हत्यार धरू दिलं नाही. मलाही नाही. इतकी वर्षं मी फक्त रंगच मारला.

पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या नावाने वर्ग काढावा, असं गौरव समितीच्या मनात आलं. अण्णांनी हात जोडले. "नहीं भिया, ते नाही होणार. एकाला शिकवलं होतं, बस झालं." समितीने तो विषय वगळला. मी मात्र घरी येऊन चडफडले. त्यांच्या छातीत लाकडाचा भुसा बसला आहे. डॉक्टरांनी लेथ बंद करायला सांगितलं आहे. अण्णा गेले की ही विद्या त्यांच्यासोबत जाणार, आणि त्यांना ते मान्य होतं. विलासबद्दलची शिक्षा ते स्वतःला देत होते, हे कळत होतं. पण ती शिक्षा त्या लाकडालाही होत होती, आणि मलाही.

गेल्या आठवड्यात मी रंग घेऊन गेले तर ओला वाडगा लेथवर फिरत होता, भिंत अर्धी पातळ झालेली. अण्णांना खोकल्याची उबळ आली, थांबेचना. असा वाडगा अर्धवट सोडता येत नाही; वाळू लागला की वाकडा होतो. त्यांनी पटाशी माझ्या हातात कोंबली. माझ्या मुठीवर त्यांची मूठ, पंजा बर्फासारखा गार. "दाबू नकोस. हाताकडे नको, उजेडाकडे बघ." मी पाहिलं, आणि तेवढ्यात दाबलंच. वाडग्याच्या ठिकऱ्या ओसरीभर उडाल्या.

अण्णा खाटेवर टेकले. दम परत येईपर्यंत बराच वेळ गेला. मग दरडावून म्हणाले, "हे शिकवणं नाही, हं. दम पुरला नाही म्हणून धरायला दिलं." थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "उद्या जरा लौकर ये."

गौरवग्रंथात शेवटी निरोगी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. निरोगी हा शब्द माझ्याने लिहवत नाही. मी त्यांचा श्वास जवळून ऐकला आहे. पण अण्णा, दीर्घ आयुष्य मी हट्टाने मागते. माझ्या हातून अजून पुष्कळ वाडगे फुटायचे आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकासाठी तुम्ही मला रागवायला हवे आहात.