सहाव्या बॉम्बचं शेत

मखमलाबादचे भिमाजी पिंगळे गेली पन्नासेक वर्षं परदेशात शेती बघायला जातात. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. डोळा लागला की निघायचं. सीमेपलीकडच्या त्या शेतात गहू डोलत असतो, आणि गव्हाच्या मधोमध, शेपटी वर करून, भिमाजींचा बॉम्ब झोपलेला असतो. तिथल्या शेतकऱ्याची बायको त्या शेपटीवर ओढणी वाळत घालते. शेतकरी आणि बांधावर उभे भिमाजी पाणी, खत, कीड यांवर तासन्‌तास बोलतात, आणि तेही मराठीतून.

"त्यानं मोटर बसवली," भिमाजी सकाळी जाहीर करतात.

"बसवू द्या," सखुबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणतात. "त्याच्या गव्हाला पाणी पाजून आलात. आता आपल्या शेपूला कोण पाजील? का त्यालाच बोलावू?"

एकाहत्तरच्या युद्धात भिमाजी विशीचे होते आणि एका बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये बॉम्ब चढवायच्या कामावर होते. गाव त्यांना ‘पायलट’ म्हणतं. प्रत्यक्षात ते आजवर विमानात बसलेले नाहीत. विमानाखाली मात्र भरपूर झोपलेले आहेत. दिवसभर जाळ्यांखाली विमानं लपवलेली असत. थंडीत बोटं लोखंडाला चिकटत. दुपारी ट्रॉलीवरून बॉम्ब येत, एकेका विमानाला सहा. कुणी त्यांच्यावर खडूनं निरोप लिही, कुणी बायकोचं नाव लिही आणि लगेच घाबरून पुसून टाकी. तांबडी फीत लावलेली एकेक पिन प्रत्येक बॉम्बला असे. ती आहे तोवर बॉम्ब म्हणजे नुसतं लोखंड. विमान निघायच्या आधी त्या काढायच्या आणि तळहातावर पसरून वैमानिकाला दाखवायच्या. त्यानं अंगठा वर केला की झालं. मग चहाचे मग घेऊन सगळे आकाशाकडे बघत बसत, कितीजण परत येतात ते मोजत.

एका संध्याकाळी पाचवी पिन काढताना भोंगा वाजला. भिमाजी खंदकात पळाले, परत आले, घाईघाईनं मूठ उघडून दाखवली. फितींचा गुंता बघून वैमानिकानं अंगठा वर केला. विमान उडालं आणि भिमाजींनी पिना मोजल्या. पाच.

एक बॉम्ब पिनेसकट गेला. तो फुटणार नाही, कुठंतरी पडून राहील. भिमाजींनी हे कुणालाच सांगितलं नाही; सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. सांगितलं नाही म्हणून झोप गेली. पडलेल्या बॉम्बनं पुढं कुणाचं काय केलं असेल, कुणी पोरानं त्याला हात लावला असेल का, हे त्यांना काही केल्या कळेना. मग ते स्वप्नात बघायला जाऊ लागले.

यंदा त्यांची सून दीपमाला गंगापूर रोडला भाजी पोहोचवायला गेली आणि एका फ्लॅटच्या दारावरची पाटी वाचून आली : सार्जंट रंगनाथ खैरनार, निवृत्त. हेच त्या वेळचे भिमाजींचे साहेब, सटाण्याकडचे, बोलता बोलता अहिराणीत घसरणारे.

भिमाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि गुन्हा कबूल करायला निघाले.

"पिंगळे!" अठ्ठ्याऐंशी वर्षांचे सार्जंट खुर्चीतून गरजले. "मिशी कुठं गेली?"

"सुनेनं रंगवू दिली नाय, म्हणून काढली, साहेब." भिमाजी बसलेच नाहीत. उभ्यानंच, सावधानमध्ये, सगळं सांगून मोकळे झाले. "पाचच पिना निघाल्या. सहावा बॉम्ब तसाच गेला. लय वर्षं झाली, आता काय शिक्षा द्यायची ती द्या."

सार्जंटनी मेथीच्या जुड्या उचलून मांडीवर घेतल्या.

"गेला नव्हता," ते म्हणाले. "परत आला होता."

"कोण?"

"तुझा सहावा. टांगलेला आकडा अडकला, सुटलाच नाही. विमान उतरलं तेव्हा धक्क्यानं सुटला आणि विमानाच्या पोटाच्या बंद दारावर आतून आदळला. मी खाली वाकून बघतो तर पिन जागेवर! ती नसती तर विमानातले दोघं आणि खालचे आम्ही चौघं, कुणी उरलं नसतं."

भिमाजी आता बसले. "मग मला तेव्हा सांगितलं का नाय?"

"बाकी तिघांना मीच गप्प बसवलं. सांगितलं असतं तर परत विसरला असतास. घाबरलेला माणूस पिना मोजतो. त्यानंतर एकदा तरी चुकलास का?"

"नाय, साहेब."

"मग? आता रडतो काय असा? चांगली गोष्ट शे ना!"

चांगलीच होती. पण घरी येताना रिक्षात भिमाजींचं तोंड एखाद्याची जमीन रस्त्यात गेल्यासारखं झालं होतं. बॉम्ब नाही, म्हणजे शेत नाही. शेत नाही, म्हणजे तो शेतकरीही नाही.

"बरं झालं, एकदाचे सुटलात," सखुबाई म्हणाल्या खऱ्या. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या चहा करायच्या आधी त्यांच्या उशाशी येऊन बसल्या.

"गेला होतात का?"

"गेलो होतो."

"हाय का शेत?"

"हाय. बॉम्ब तेवढा नाय. त्याला सगळं सांगितलं. लय हसला. म्हणाला, इतकी वर्षं बांधावर उभं राहूनच बोलत होतास, आता तरी आत ये, बस."

"मग गेलात?"

"गेलो ना. त्याच्या नातवंडांनी बसू दिलं नाय. पकडापकडीत माझ्यावरच राज्य दिलं, पळवलं साऱ्या गव्हातून."