ब्रेकखात्यातला साबण

मी ट्रकच्या वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते. म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसून नटबोल्टपासून साबणापर्यंत सगळं देते आणि देताना तोंड वाकडं करते. तोंड वाकडं करण्याचा पगार वेगळा मिळत नाही, ते मी हौसेने करते. कोण काय मागतो यावरून माणूस कळतो, असं माझं अठरा वर्षांचं मत आहे. टायरवाला रबरी हातमोजे मागतो तेव्हा त्याची बायको माहेरी गेलेली असते आणि घरी भांडी साठलेली असतात. इंजिनमिस्त्री चिंध्या जास्त नेतो तेव्हा त्याच्या घरी रंगकाम चाललेलं असतं. आणि ब्रेकमिस्त्री जेव्हा एकाच महिन्यात दुसऱ्यांदा हात धुण्याचा साबण मागायला आले, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

ब्रेकमिस्त्रींना सगळे कानसेन म्हणत. हे नाव त्यांना कसं पडलं ते सांगायचं तर आधी ब्रेक सांगायला हवेत. ट्रकचे ब्रेक म्हणजे सायकलचेच, फक्त थोराड, असं पुष्कळांना वाटतं. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. पण एवढं धूड माणसाच्या पायाच्या जोरावर थांबत नाही, ते हवेवर थांबतं. इंजिनावरचा कंप्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. ड्रायव्हरचा पाय फक्त एक झडप उघडतो. मग ती दाबलेली हवा पाइपांतून चाकांकडे धावते, प्रत्येक चाकापाशी एक डबा असतो त्यातला रबरी पडदा फुगवते, पडदा दांडा ढकलतो आणि शेवटी घासून थांबवणारे लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला जाऊन चिकटतात. पाय काढला की हवा फुस्स करून बाहेर. मागच्या चाकांना शिवाय एक दांडगी स्प्रिंग असते, तिला हवेनेच दाबून धरलेलं असतं. हवा पार संपली तर स्प्रिंग सुटते आणि चाकं जागच्या जागी जखडते. थोडक्यात, हवा आहे तोवर सगळं ठीक. आमच्या मॅनेजरसाहेबांमध्येही हवा पुष्कळ आहे, फक्त ती दाखवणारा काटा त्यांना बसवलेला नाही.

या सगळ्याचा वैरी एकच, गळती. कुठल्यातरी जोडातून, कुठल्यातरी पडद्यातून हवा निसटत राहते आणि नेमकी उतारावर कमी पडते. ती शोधायची जगभरची रीत अगदी बाळबोध आहे. साबणाचा फेस करायचा, जोडाला लावायचा, जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. आमचे मिस्त्री मात्र साबणाला हात लावत नसत. टाक्या भरून इंजिन बंद करायचं, सगळ्यांना गप्प बसवायचं, डोळे मिटून गाडीभोवती एक फेरी मारायची आणि म्हणायचं, "डावीकडची टाकी, वरचा जोड." जोड उघडला की गळती तिथेच. कुणी साबणाचं नाव काढलंच तर ते म्हणत, "साबण आंघोळीला असतो. ब्रेकला कान लागतो." ड्रायव्हर लोक हे ऐकून माना डोलवत. नवीन येणाऱ्याला गाडीच्या आधी मिस्त्री दाखवले जात.

तर असे हे मिस्त्री साबण मागायला आले. मी विचारलं, "मागच्या आठवड्यात दिला होता तो?"

"घरी पाहुणे आलेत," मिस्त्री म्हणाले.

पाहुणे आठ महिने राहिले. स्वच्छ माणसं होती, दर पंधरा दिवसांनी एक वडी संपवत. पुढे एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विळखे पडलेली नळी परत घ्यायला ब्रेकखात्यात गेले, तर मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात एकटेच बसून दाढीच्या ब्रशाने एका पाइपाची दाढी करत होते. इतक्या मायेने त्यांनी स्वतःची कधी केली नसावी. मी दोनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. तिसऱ्यांदा मी हाक मारली नाही, आल्या पावली परत फिरले.

कोडं काही अवघड नव्हतं. तेवीस वर्षं रोज चाळीस-पन्नास वेळा कानाशेजारी दाबलेली हवा सोडली, तर कान तरी किती दिवस नोकरी करणार. दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी आले तेव्हा मी न मागता दोन वड्या पुढे ठेवल्या आणि त्यांना ओठ दिसतील असं तोंड वर करून म्हणाले, "पाहुण्यांना सांगा, ब्रशाचे केस झडलेत, नवीन घ्या."

मिस्त्री खिडकीबाहेरच्या उलट्या खोक्यावर बसले. "कुणाला बोललात ताई?"

"नाही."

"नका बोलू. मला गेटवर उभं करतील."

"पण साबणाने काम होतंय ना?"

"होतंय. पण साबण कुणीही लावू शकतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी आम्ही दोघांनी मिळून ती मूठ झाकून धरली.

आता खरी गंमत. मिस्त्रींचा कान शाबूत होता त्या काळात महिन्याला दोन-तीन गाड्या तरी परत यायच्या. ड्रायव्हर माझ्याच खिडकीशी चहा पीत कुरकुरायचा, की हवेचा काटा अजून उतरतोय. लगेच दुसरा म्हणायचा, मिस्त्रींनी बघितलंय ना, मग तुझाच पाय जड असेल. साबणाचं राज्य आल्यापासून एकही गाडी परत आली नाही. यावर वर्कशॉपात एकमत झालं, की वयाबरोबर मिस्त्रींचा कान मुरत चाललाय. साहेबांनी तर वरच्या ऑफिसात तसं लिहून कळवलं. मी ते सगळं तोंड मिटून ऐकलं, आणि माझ्या बाबतीत हा पराक्रमच म्हणायला हवा.

एके दुपारी मिस्त्रींची बायको खिडकीशी आली. हातात डबा होता, म्हणाली घरी विसरले. डबा ते विसरले नव्हते, तो मी सकाळी त्यांच्या हातात पाहिला होता. तीही काही लपवण्यात फार हुशार नव्हती.

"कामावर ऐकू येतं का हो त्यांना?" तिने विचारलं.

"का?"

"घरी मी हाका मारून दमते. आधी मला वाटलं, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आता ऐकत नसतील. नवऱ्यांचं होतंच तसं. पण परवा कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. बटाट्यांचा लगदा झाला." तिने डबा खिडकीत ठेवला. मग हळू म्हणाली, "तुमच्या अंगणात गाड्या रिव्हर्सने मागे येतात. हॉर्न देतात ना?"

"देतात की. आणि त्यांना चांगलं ऐकू येतं," मी म्हणाले. आयुष्यात मी पुष्कळ टोमणे मारलेत, त्यांचं मला काही वाटत नाही. त्या एका वाक्याचं वाटतं.

मग साहेबांना कल्पना सुचली. साहेबांना कल्पना सुचते तेव्हा बाकीच्यांना काम लागतं. बारा नवीन ड्रायव्हर भरती झाले होते, त्यांच्यासमोर मिस्त्रींनी गळती शोधण्याचं प्रात्यक्षिक करायचं. साबण नाही, काही नाही, नुसता कान. त्यासाठी गाडी निवडली तीही दुसऱ्या दिवशी सकाळी सोळा टन सिमेंट घेऊन निघणारी. त्या सकाळी साहेब स्वतः माझ्याकडून पाना घेऊन गेले. त्यांनी त्या गाडीच्या मागच्या टाकीचा खालचा जोड जरासा ढिला केला, हे मी खिडकीतून स्वच्छ पाहिलं. परत आले तेव्हा बाहीला काळं लागलं होतं. त्यांनीही साबण मागितला.

मिस्त्रींना गाठून सांगायला वेळच मिळाला नाही. अंगणात ड्रायव्हर गोल करून उभे राहिले, टाक्या भरल्या, इंजिन बंद झालं, शेजारचं ग्राइंडरही बंद केलं. मिस्त्री डोळे मिटून निघाले. पण या वेळी पापणी थोडी उघडी होती आणि ती मला शोधत होती. मी ड्रायव्हरांच्या मागे उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि स्वतःची कंबर खालच्या बाजूला दोनदा थोपटली. एक ड्रायव्हर वळून म्हणाला, "कंबर धरली का ताई? बसा ना." मिस्त्री मागच्या टाकीपाशी थांबले, वाकले आणि म्हणाले, "खालचा जोड."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. एकजण म्हणाला, मला तर काहीच ऐकू आलं नाही. "म्हणून तर तुम्ही ड्रायव्हर आहात," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर चहा मागवला. ग्राइंडर पुन्हा सुरू झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी टायरवाल्याला मागण्याआधीच हातमोजे देऊन टाकले.

मिस्त्रींनी जोड आवळला. आवळला की तपासायचं, ही त्यांची सवय. एका ड्रायव्हरला कॅबिनमध्ये बसवून त्यांनी ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि स्वतः पायरीवर उभे राहून काटा बघू लागले. ब्रेक दाबला की हवा चाकांकडे जाते, काटा थोडा खाली येतो आणि थांबतो. हा थांबेना. दाबलेला पाय तसाच होता आणि काटा मुंगीच्या चालीने उतरत होता. म्हणजे गाडीत आणखी एक गळती होती, जी साहेबांनी केलेली नव्हती. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हिच्याबद्दल मला काय माहीत असणार.

"कुणाला आवाज येतोय का?" त्यांनी ड्रायव्हरांना विचारलं. ग्राइंडरच्या गोंगाटात कुणाला काय येणार.

"मिस्त्री, चहा गार होतोय," साहेब हाताने खूण करत म्हणाले. "तेवढंसं उद्या निघायच्या आधी बघा."

खरं सांगायचं तर मीही मनात तेच म्हणत होते. मिस्त्री, चहा प्या. आज नाव वाचलंय. उद्या पहाटे या, मी स्टोअर उघडते, गुपचूप साबण लावा. आणि उद्या काही कारणाने राहून गेलं तर? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, याची मला अजून लाज वाटते.

मिस्त्री पायरीवर तसेच उभे होते. कॅबिनमध्ये पाय दाबून बसलेला ड्रायव्हर, तोच उद्या ही गाडी नेणार होता, म्हणाला, "सोडू का पाय?" मिस्त्रींना अर्थातच ते ऐकू गेलं नाही. ते खाली उतरले, रचलेल्या टायरांच्या मागे हात घातला आणि आपला डबा बाहेर काढला. त्यात फेस होता आणि दाढीचा ब्रश. बारा ड्रायव्हर, साहेब आणि चहावाला यांच्यादेखत ते चाकामागून चाकाला फेस लावत गेले. पुढच्या उजव्या चाकाच्या डब्याला खाली एक बारीक भोक असतं, तिथे फेस लावला मात्र, लिंबाएवढा फुगा आला, फुटला आणि दुसरा आला. आतला पडदा फाटला होता. पाय दाबला की गळायचा, काढला की गप्प. नुसत्या कानाने फेरी मारणाऱ्याला तो या जन्मी सापडला नसता.

"हे काय?" साहेब जवळ येऊन म्हणाले. "तुम्ही आणि साबण?"

मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाले, "मला ऐकू येत नाही साहेब. दीड वर्ष झालं."

"मग मघाशी?"

मिस्त्रींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मघाशी नशीब," ते म्हणाले.

साहेब न्यायी आहेत. त्यांनी आठवड्याभरात पत्र काढलं. वरच्या अर्ध्यात, मोठा अपघात टाळल्याबद्दल मिस्त्रींचं अभिनंदन होतं. खालच्या अर्ध्यात, ऐकू न येणाऱ्या माणसाला अंगणात काम करता येत नाही म्हणून त्यांची बदली स्टोअरला केली होती. एकाच कागदात दोन्ही कामं झाली, कागदाचीही बचत. मी त्या पत्रावर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याच संध्याकाळी मिस्त्रींची बायको आली, खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा मी दिवसभर घड्याळाकडे बघितलं नाही."

आता मिस्त्री माझ्या शेजारी स्टुलावर बसतात. ब्रेकखात्यातून फुस्स झालं की मी दचकते, ते हलत नाहीत. नवीन ब्रेकमिस्त्री आलाय, तिशीतला, कानाचा तिखट. पहिल्याच दिवशी त्याने डोळे मिटून गळती सांगितली आणि ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. कानसेन हे नावही त्याला आयतं मिळालं.

काल तो चिंध्या मागायला खिडकीशी आला. मिस्त्रींनी चिंध्या दिल्या. त्यावर साबणाची एक वडी ठेवली.

"हे कशाला काका?" तो हसून म्हणाला. "मला ऐकू येतं."

"मलाही यायचं," मिस्त्री म्हणाले आणि दाढीचा ब्रश त्याच्या हातात दिला.