पाणबुड्याचा उजवा हात

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. पण बोटाएवढ्या प्लास्टिकच्या बाहुल्यासाठी आलेला एक अर्ज मला अजूनही जसाच्या तसा आठवतो.

मी तेव्हा बिबवेवाडी भागात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका वृद्ध गृहस्थांना माझ्याकडे पाठवलं. पाठवताना तो हसला, ते मी पाहिलं. गृहस्थ शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अर्ज सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहिलेला.

“साहेब, माझ्या घरातून एक खेळणं चोरीला गेलंय.”

“नातवाचं?”

“मुलाचं. वय वर्षं एक्केचाळीस. संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तीन आठवडे झाले, माझ्याशी बोलत नाही.”

मुलगा परदेशी बनावटीचे, एकमेकांत बसवायचे ठोकळे आणि त्यांच्यासोबत येणारी छोटी माणसं जमवायचा. हौशी लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप होता. त्यावर खरेदी-विक्री चाले, भाव ठरत. चोरीला गेला होता एक पाणबुड्या, म्हणजे पाठीवर हवेची नळकांडी लावलेला बाहुला, त्याच्या मूळ खोक्यासह आणि माहितीपुस्तिकेसह. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलं होतं. त्याच्या किमतीत जुनी स्कूटर आली असती. मला आधी ही थाप वाटली. मग ग्रुपवरचे भाव पाहिले आणि अर्ज पुन्हा नीट वाचला.

“मुलाचं म्हणणं, मी ते खोकं रद्दीत घातलं,” काका म्हणाले. “त्याच आठवड्यात मी रद्दी दिली होती, हे खरं आहे. आणि तो कॉलेजला असताना त्याचे लहानपणचे ठोकळे, मामाने दुबईहून आणलेले, पोतंभर, मीच भंगारवाल्याला दिले होते, हेही खरं आहे. पण हे मी केलेलं नाही. घरात आम्ही दोघंच. तो ताट घेऊन आत जातो, मी बाहेर जेवतो. तुम्ही चोर शोधा. नाही सापडला तर मी मरेपर्यंत त्या घरात खोटारडा राहीन.”

अर्ज चौकशीवर ठेवून मोकळं होता आलं असतं. पण शेवटचं वाक्य मला लागलं, आणि मी गुन्हा दाखल करून घेतला.

घरी जाऊन पंचनामा केला. दाराचं कुलूप शाबूत. काचेच्या कपाटाला कुलूप नव्हतंच. मुलगा सभ्य, पण वडिलांकडे न बघता बोलणारा. घरी कोण कोण आलं होतं, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, खोकं नाहीसं झाल्याचं लक्षात आलं, त्याच्या आधीच्या रविवारी ग्रुपमधले तिघं संग्रह बघायला आले होते. तिघांची नावं त्याने नाइलाजानेच दिली.

“सर, ते लोक तसे नाहीत. वस्तूला हात लावण्याआधी ते हात धुतात.”

ते मी लिहून घेतलं आणि सोडून दिलं. खरं सांगायचं तर माझाही संशय काकांवरच होता. दोन दिवस मी रद्दीवाल्याला धारेवर धरलं. त्या बिचाऱ्याने गोदामातला अर्धा ढीग उपसून दाखवला. हाती काहीच लागलं नाही.

मग खबर आली. चोरीची बातमी कानावर आलेल्या ग्रुपमधल्या एका बाईंनी ठाण्यात फोन करून सांगितलं, की एक पाणबुड्या खोक्यासकट विक्रीला लागला आहे. नोंद टोपणनावाने केलेली होती. मी बापलेकांना बोलावून ती नोंद दाखवली. मुलाने फोटो मोठे करून पाहिले आणि मान हलवली.

“माझा नाही. वर्णन वाचा ना. उजवा हात खांद्याशी चिकटवलेला, काखेत बारीक तडा, फक्त भिंगातून दिसतो. माझा एकदम कोरा होता, मिंट कंडिशन.”

तपास तिथेच संपला असता. काकांनी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेऊन तो मजकूर दोनदा वाचला, आणि मला म्हणाले, “जरा बाहेर येता का?”

व्हरांड्यात ते बराच वेळ नोटीस बोर्ड वाचत उभे राहिले.

“तो हात मी मोडलाय. रोज तो कामावर गेला की मी कपाट पुसायचो, दाढीच्या जुन्या ब्रशने. एकदा तो बाहुला हातातून निसटला. गोंद लावून जागेवर ठेवून दिला. वर्ष होऊन गेलं. त्याला कळलं नाही.”

“सांगितलं का नाहीत?”

“आठ दिवस अबोला धरला असता त्याने.”

मी त्यांना समजावलं, की ओळख पटवायला पुरवणी जबाब लागेल, आणि तो मुलाला वाचायला मिळेल. न मोडलेला पाणबुड्या शोधत बसलो, तर तो कधीच सापडणार नव्हता. त्यांनी विचार केला. मी घाई केली नाही.

“लिहा,” ते म्हणाले. “ब्रशचंही लिहा.”

बनावट गिऱ्हाईक म्हणून आमचा एक हवालदार तयार केला. विक्रेत्याने त्याला वाघोलीत, नगर रस्त्यालगतच्या एका चहाच्या दुकानात बोलावलं. दोन पंच शेजारच्या टेबलावर बसवले. आलेला माणूस तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. बाहुला कापसात, सोबत ओल शोषणारी पुडी. हवालदाराने हात पुढे केला, तर हा म्हणतो, “हात कोरडे आहेत ना?” आम्ही त्याला ताब्यात घेतलं. तो त्या तिघांपैकीच एक निघाला.

ठाण्यात तो ठाम होता. म्हणे, एका प्रदर्शनात घेतला, पावती हरवली. आवाज चढवून उपयोग होणार नाही, हे मला त्याच्या नखांवरूनच कळलं. इतकी स्वच्छ नखं असलेला माणूस माराचीही तयारी करून आलेला असतो. मी बाहुला टेबलावर ठेवला आणि कागद चाळता चाळता म्हणालो, “हात मोडून ठेवलास बाबा तू याचा.”

तो ताडकन उठला. “मी? मी नाही मोडला. माझ्याकडून आजवर एक वस्तू मोडलेली नाही. कुणीतरी अडाण्याने गोंद फासलाय. आणि त्या घरात कपाट कुठे ठेवलंय बघितलंत? पश्चिमेच्या खिडकीसमोर. उन्हाने पांढरे ठोकळे पिवळे पडलेत सगळे.”

“कुठल्या घरात?” मी विचारलं.

तो खाली बसला. पुढची कबुली पाच मिनिटांत झाली. सगळे जेवायला वळल्यावर त्याने तो पिशवीत टाकला होता. त्या घरात पाणबुड्याचे हाल होत होते, हे तो शेवटपर्यंत मनापासून सांगत राहिला.

मला एकच विचारायचं होतं. “चोरीचा माल विकायला काढलास, मग तड्याचं खरंखरं कशाला लिहिलंस?”

त्याला माझा प्रश्नच समजला नाही. “साहेब, दोष लपवून विकला तर ग्रुपवर परत कोण घेईल माझ्याकडून?”

ओळख पटवायला मुलाला बोलावलं, तेव्हा वडिलांचा जबाब मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. काका भिंतीकडे बघत बसले होते.

“बाबा, मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस, रद्दीत घातलंत का. मोडलंत का, असं विचारलं नव्हतंस.”

माझीही तीच चूक झाली होती. मी त्या माणसाला मोठा गुन्हा विचारत बसलो होतो. त्यांच्या मनात एक लहानसा होता, आणि तो जपताना त्यांची वाचा बंद होत होती. पुढच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. माणूस खोटं बोलतोय असं वाटलं, की आधी विचारायचं, दुसरं काही आहे का, किरकोळ, सांगायची लाज वाटेल असं? पुष्कळदा असायचं. मी काकांची माफीही मागितली. “रद्दीवाल्याचीही मागा,” ते म्हणाले. मी मागितली.

न्यायालयाच्या आदेशानंतर मुद्देमाल परत द्यायचा दिवस आला, तेव्हा दोघं एकाच स्कूटरवरून आले. मुलाने ताबा पावतीवर सही केली. लाखेचं सील फोडून हवालदाराने बाहुला टेबलावर ठेवला. मुलाने त्याला हात लावला नाही.

“बाबा, तुम्ही घ्या,” तो म्हणाला. “घरी जाईपर्यंत तुम्हीच धरा.”

काका उठले. दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले, आणि मला विचारलं, “साहेब, हात धुवायला नळ कुठे आहे?”