सत्तावन्न मीटरची टाकी

वामन पांगारकर सर मूळचे यवतमाळचे. घरात सगळे टेबलखुर्चीवर काम करणारे, पण यांना लहानपणापासून मोजायचं वेड. स्वतःच्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, ते मांडववाल्याला हळूच म्हणाले होते, "तुझा तो डावीकडचा खांब काटकोनात नाही." अंतरपाटापलीकडच्या मंजुषाताईंनी ते ऐकलं आणि तरीही हार घातला.

घाटंजीच्या पुढे बोरखडीच्या शाळेत सर अकरावी-बारावीच्या व्यवसाय शाखेला व्यवहारातलं गणित शिकवतात. मुलं गवंडीकाम, नळजोडणी, वेल्डिंग शिकणारी. पुस्तक उघडलं की त्यांचे डोळे मिटतात, म्हणून सर वर्गच बाहेर काढतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी गावच्या पाण्याच्या टाकीची उंची मोजायला लावली. कोनमापकाला बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली, दोऱ्याला नट बांधून लोंबता सोडला आणि सांगितलं, "नळीतून टाकीचं टोक बघा आणि मागे सरकत जा. पंचेचाळीस अंश झाले की थांबा. तिथून टाकीपर्यंतच्या अंतरात आपल्या डोळ्यांची उंची मिळवा. झालं."

सुरभीच्या गटाचं उत्तर आलं तेरा पॉइंट एक मीटर. पिंटूच्या गटाचं आलं सत्तावन्न.

"सत्तावन्न कसे रे?" सरांनी विचारलं.

"अंतर निंगालं अकरा पॉइंट सात. त्याच्यात पंचेचाळीस मिळवले. छप्पन पॉइंट सात, म्हंजे सत्तावन्नच."

"पंचेचाळीस काय?"

"अंश."

"अरे, मीटरमध्ये अंश मिळवलेस?"

"तुमीच तं म्हणलं, मिळवा म्हणून."

सर त्याला समजावणार, तेवढ्यात सरपंच मारोतरावांची मोटारसायकल शेजारी थांबली. त्यांच्या कानावर फक्त शेवटचा आकडा पडला होता.

"सत्तावन्न? आपली टाकी?" त्यांनी वर पाहिलं. "मले वाटतच होतं."

बोरखडी आणि नाल्यापलीकडची चिंचखेडी यांची जुनी चढाओढ. कोणाचा पोळा मोठा, कोणाच्या मारुतीचा शेंदूर लाल, यावरून दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या लग्नात जेवायची थांबली होती. संध्याकाळपर्यंत पानटपरीवर सत्तावन्नचा गजर सुरू झाला.

ग्रामसभेत सरांनी हरकत घेतली. खडूने त्रिकोण काढून दाखवला. लोकांनी मान देऊन ऐकलं. मग मारोतराव उठले.

"सर म्हणते तेरा. पिंटू म्हणते सत्तावन्न. पिंटू सरायचाच विद्यार्थी, म्हंजे दोन्ही उत्तरं सरायचीच. आता गावानं निवडाचं. करा हात वर."

सत्तावन्नला सगळ्यांनी हात वर केले. सुरभीच्या वडिलांनीसुद्धा. ती त्यांच्याकडे बघतच राहिली, तेव्हा ते पुटपुटले, "घरी बोलू."

"टाकीवरून दोरी सोडून मोजू," सर कळवळून म्हणाले.

हंसाबाई नावाच्या पंचायत सदस्य होत्या, त्यांनी समजूत घातली. "ठराव झाला ना आता सर. दोरी कायले?"

चार दिवसांत टाकीवर ठळक निळ्या अक्षरांची पाटी लागली : उंची ५७ मीटर.

सर त्या आठवड्यात नीट जेवले नाहीत. मंजुषाताई म्हणाल्या, "टाकी आहे तेवढीच आहे ना? मग तुम्ही का कमी होताय?"

मग चिंचखेडीचे उपसरपंच रामलाल शाळेत आले. "सर, आमचीबी टाकी मोजून द्या," एवढंच म्हणाले. सर वर्ग घेऊन गेले. या खेपेस नळी खुद्द रामलालांनी डोळ्याला लावली, अंतर सुरभीने मोजलं. उत्तर तेरा पॉइंट एक.

"बोरखडीची सत्तावन्न अन् आमची तेरा?" रामलाल लाल झाले. "आमची टाकी काय मांडी घालून बसेल हाये काय?"

"अहो, दोन्ही टाक्या एकाच नकाशाच्या आहेत," सरांनी जीव तोडून सांगितलं. "एकाच साली, एकाच मापाने बांधलेल्या. त्यांच्यात इंचाचा फरक नाही."

 रामलालांचा चेहरा हळूहळू उजळला.

"एकाच मापाच्या?"

"अगदी."

"बोरखडीची ग्रामसभेनं सत्तावन्न पास केली. मंग आमचीबी सत्तावन्नच झाली ना!"

 मुद्द्याला मुद्दा बरोबर जुळत होता; सरांनी नळी आणि दोरा पिशवीत भरला.

मारोतराव आणि रामलाल नाल्याच्या पुलावर भेटले. बोरखडीने मोठ्या मनाने चिंचखेडीचे सत्तावन्न मान्य केले. त्या उन्हाळ्यात दोन्ही गावांची माणसं एकमेकांच्या पंगतीला बसली, आणि सरांना दोन्हीकडून आहेराचा टॉवेल मिळाला. ते टॉवेल घरी आणताना त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी ते पिशवीत तळाशी घातले.

पावसाळ्याआधी टाकीत पाणी चढवणारा पाइप बदलायचा ठरला. काम नळजोडणीच्या मुलांना मिळालं आणि माप काढायचं पिंटूकडे आलं. तो दोन दिवस शाळेत सरांच्या मागे मागे फिरला. शेवटी जिन्यात गाठलंच.

"सर, पाइप किती मागवू? पाटीवर तं सत्तावन्न हाये."

"तुला काय वाटतं?"

"पाटीच्या मापानं आणला तं पाइप आभाळात जाते." त्याने मान खाली घातली. "अंश मिळवाचे नव्हते ना सर?"

"नव्हते."

"मंग काय मिळवाचं होतं?"

सर तिथेच पायरीवर बसले. पिंटूने दोरा, नट, नळी आणली. त्या दुपारी त्याने टाकी एकट्याने मोजली, मग खात्री नाही म्हणून पुन्हा मोजली, मग सुरभीला बोलावून तिच्याकडून मोजून घेतली.

पाइप बसवला त्या दिवशी मारोतराव हजर होते. सहा-सहा मीटरचे दोन नळ आणि एक तुकडा एवढ्यातच पाइप टाकीच्या टोकाला पोचला. त्यांनी पाइपकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग पिंटूकडे.

"पुरला?"

"पुरला, काका."

"बरं झालं," मारोतराव म्हणाले आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.