त्या राज्यातला हातोडा

जंगल नाक्यावर नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. रस्त्याच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर बसतात. सुरुवातीला आपण झटकतो, मग झटकायचंही सोडून देतो.

गडचिरोलीच्या पलीकडं एका नाक्यावर मी मोहरीर होतो, म्हणजे लिहिणावळीचा कारकून. तेव्हाची ही धूळ. नाक्याचं नाव विचारू नका. पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. नुकतीच जमीनदारी गेली होती. पूर्वी जमीनदाराला एक कोंबडा नेऊन दिला की घरापुरतं लाकूड मिळे. आता जंगल सरकारचं झालं आणि सरकारला कोंबडा चालत नाही, अर्ज लागतो!

लोक म्हणतात, "नाक्यावरचा एखादा हसायचा किस्सा सांगा ना." सांगतो. पण हसून झाल्यावर माझ्या तोंडाकडं बघू नका.

* * *

आमचे नाकेदार वामनराव. माणूस वाईट नव्हता. लाच खात नसे, शिवी देत नसे. फक्त वरून आलेला कागद त्यांना देवाच्या प्रसादासारखा वाटे. दोन्ही हातांनी घ्यायचा आणि शंका काढायची नाही.

त्यांच्या ताब्यात एक हातोडा होता. लोखंडी, एका तोंडाला उलटी अक्षरं. लाकडाच्या बुडावर दणका दिला की सरकारचा ठसा उमटे. ठसा असेल ते लाकूड सरळ, नसेल ते चोरीचं!

कोतवालानं गावोगाव दवंडी दिली, "बिगर ठशाचं लाकूड दिसलं तं चोरीचं समजल्या जाईन!" दवंडीत जुनं-नवं असा फरक काही सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाक्यासमोर ही रांग! कोणी बाज आणली, कोणी मुसळ, कोणी नांगर. एक म्हातारा हातातली काठीच पुढं करून उभा. एका बाईनं डोक्यावरून पाळणा आणला होता.

वामनराव ओरडले, "अहो बाई, पाळण्याला कशाला ठसा?"

बाई म्हणाली, "साहेब, चोरीच्या लाकडात पोट्टं काऊन निजवावं?"

वामनरावांनी पाळण्यावर ठसा मारला. दणक्यानं पाळण्याचा एक पाय तडकला, ते वेगळं.

* * *

त्या रांगेत सगळ्यात शेवटी सोमाजी मडावी उभा होता. दीड कोसावरच्या गोंड वस्तीतला म्हातारा शेतकरी. आम्ही त्याला सोमाभाऊ म्हणू. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

"तुमचं काय आणलं सोमाभाऊ?" मी विचारलं.

"माहा तं घराचा मधला खांब हाय जी. उधईनं खाल्ला. तो आनला तं घर पडते!"

उधई म्हणजे वाळवी, आणि मधला खांब म्हणजे ज्याच्यावर आख्ख्या छपराचा भार असतो तो. सोमाभाऊला नवा सागाचा खांब हवा होता. निस्तारात, म्हणजे गावकऱ्याला घरापुरतं लाकूड देण्याचा जो नियम आहे त्यात, तो बसत होता. मी त्याचा अर्ज लिहिला. त्यानं अंगठा मारला.

"कवा भेटन?"

"भेटन," वामनराव म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांनाही तसंच वाटत होतं.

* * *

सरपणाचा नियम असा, की वाळलेलं, पडलेलं लाकूड डोक्यावरून नेलं तर माफ. गाडीतून नेलं तर पास पाहिजे.

आता आमच्याकडं माणूस ओझं नेतो कावडीनं. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना भारे. कावड म्हणजे डोकं की गाडी? वामनरावांना झोप येईना. त्यांनी रेंज ऑफिसला लिहिलं. रेंजनं वर लिहिलं. वरून उत्तर आलं, "कावड हे वाहन आहे किंवा कसे, याबाबत खुलासा मागविला आहे. तोवर कावडीने वाहतूक करू देऊ नये."

पुढच्या बाजाराला सोमाभाऊ आला. डोक्यावर सरपणाचा भला मोठा भारा, मान आखडलेली, आणि खांद्यावर रिकामी कावड!

"अहो, मग कावड तरी घरी ठेवायची!"

"येताना मीठ-तेल आनाचं हाय न साहेब. त्याले तं तुमचा कायदा नाई लागत?"

त्या खुलाशाची मी बदली होईपर्यंत वाट पाहिली. आला नाही.

* * *

नाक्यासमोर गुलाबभाऊचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे तट्ट्याच्या चार भिंती आणि एक बाक. त्यानं नागपूरहून बॅटरीवरचा रेडिओ आणला आणि आमचा नाका एकदम शहर झाला!

महिन्याभरात इन्स्पेक्टर आला. लायसन दाखव म्हणाला. गुलाबभाऊनं दाखवलं.

"हे घरगुती आहे. हॉटेलात रेडिओ लावायला वेगळं लायसन लागतं, त्याची फी जास्त."

गुलाबभाऊनं तिथल्या तिथं रेडिओ उचलला, तट्ट्यापलीकडं आपल्या राहत्या खोलीत नेऊन ठेवला आणि तोंड हॉटेलकडं करून लावला. "आता घरी वाजून राह्यला साहेब. तुमाले इथी ऐकू येते त्याले मी काय करू?"

इन्स्पेक्टर हसला, बातम्या संपेपर्यंत बसला आणि चहाचे पैसे न देता गेला.

पण खरा किस्सा पुढचा. एका दुपारी रेडिओवर कोणी बाई ग्रामसुधारणेवर बोलत होत्या. घर हवेशीर असावं, छप्पर उंच असावं, खांब भक्कम असावेत! सोमाभाऊ बाकाशेजारी जमिनीवर उकिडवा बसून ऐकत होता. अर्जाला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. भाषण संपल्यावर तो हळूच गुलाबभाऊला म्हणाला, "त्या बाईले इचार न, तिले खांब कुठी भेटला?"

गुलाबभाऊनं रेडिओ बंद केला.

* * *

ठेकेदाराच्या लॉऱ्या मात्र रोज जात. सागानं भरलेल्या, ठसे कडक, पास चोख. त्यात बेकायदा काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. लिलावात पैसा भरणाऱ्याला लाकूड त्याच हंगामात मिळे आणि अर्ज भरणाऱ्याला पोच!

एकदा एका लॉरीचा ब्रेक लागला नाही आणि तिनं आमच्या नाक्याचा आडवा दांडा मोडला. नाका म्हणजे तो दांडाच. तो गेल्यावर आम्ही दोघं नुसतेच रस्त्याकडेला बसलेले इसम!

नवा दांडा पाहिजे. चारी बाजूंना जंगल. पण मंजुरीशिवाय आम्हीही एक फांदी तोडू शकत नव्हतो. वामनरावांनी रेंजला रीतसर मागणी केली आणि तोवर रस्त्यावर सुंभाची दोरी बांधली. पावसाळा आला, दोरी कुजली, नवी बांधली. दांडा येईना.

सोमाभाऊ आपल्या अर्जाची चौकशी करायला आला होता. त्यानं दोरी बोटानं हलवून पाहिली. मग अगदी मनापासून वामनरावांना म्हणाला, "साहेब, आपन दोघं मिळून एकच अर्ज देऊ. तुमच्यासंगं माहाबी होऊन जाईन!"

* * *

छप्पनच्या उन्हाळ्यात एकदाचा सोमाभाऊचा खांब मंजूर झाला. कूप, म्हणजे त्या वर्षी तोडायचा जंगलाचा तुकडा, तुटलं आणि त्याला एक सरळ सागाचा खांब मिळाला. वामनरावांनी स्वतः बुडावर ठसा मारला. त्या दिवशी सोमाभाऊची बायको लच्छीबाई नाक्यावर मोहाची फुलं घेऊन आली होती. वामनरावांनी ती घेतली नाहीत, नियमात नव्हती. मी घेतली.

पण खांब लगेच बसवायचा नव्हता. ओलं लाकूड वाळायला हवं. आणि दुसरं म्हणजे त्यांच्या घरची रीत. नवं धान घरात आल्याशिवाय मधल्या खांबाला हात लावायचा नाही, त्याच्याशी पूर्वज बसलेले असतात. "त्यायले नवं खाऊ घालतो, मंग उठवतो," सोमाभाऊ म्हणाला. धान दिवाळीनंतर येणार होतं.

दिवाळीच्या तोंडावर राज्य बदललं. आम्ही मध्यप्रदेशात होतो, ते झोपेतून उठलो तर मुंबई राज्यात! भात तोच, ढेकूण तेच. पण ऑर्डर आली की जुना हातोडा सील करून रेंजला जमा करा, आणि जुन्या ठशाचं जे लाकूड अजून वापरात आलेलं नाही ते नवा ठसा होईपर्यंत अडकवून ठेवा.

वामनराव सोमाभाऊच्या अंगणात गेले. मी पंचनामा लिहायला सोबत होतो. घरात नवं धान आलेलं, दारात खांब तयार, छपराखालचा जुना खांब कोपरानं ढकलला तरी भुसा गळत होता.

"हे लाकूड जप्त करावं लागतं, सोमाभाऊ."

म्हातारा खांबाच्या बुडाशी बसला, ठसा दाखवला. "हा दणका तुमीच मारला होता न, साहेब?"

"मीच मारला."

"मंग?"

वामनराव म्हणाले, "पण त्या राज्यात!"

हे ते चेष्टेनं बोलले नाहीत. म्हणूनच मला ते विसरता येत नाही.

* * *

जप्तीचा माल ठेवायला नाक्यावर जागा नव्हती. मग रीतीप्रमाणं सुपूर्दनामा केला. म्हणजे माल कुणाच्या तरी हवाली करायचा, त्यानं तो वापरायचा नाही, सांभाळायचा आणि सरकारनं मागितला की हजर करायचा. हवाली कुणाच्या? सोमाभाऊच्याच! आपल्याच खांबाचा तो राखणदार झाला. अंगठा मारला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पाहतो तर सोमाभाऊ पुढं, लच्छीबाई मागं, दोघांच्या खांद्यावर खांब! गाडीला पास लागतो, म्हणून दीड कोस पायी. नाक्यापुढं खांब उतरवून सोमाभाऊ म्हणाला, "हजर हाय साहेब."

"अहो, मागितल्यावर आणायचा! मी कुठं मागितला?"

"तुमी मागतला आन् मी त्या रोजी वावरात असलो तं?"

त्याला किती समजावलं! दर बाजाराला खांब यायचा, दोरीजवळ टेकायचा, परत जायचा. लच्छीबाईच्या खांद्याला घट्टा पडला. गुलाबभाऊ एकदा वैतागून म्हणाला, "घरात रोवून टाक न बे भाऊ! कोन पाहून राह्यलं तुया जंगलात?"

"आंगठा तं माहाच हाय न," सोमाभाऊ म्हणाला आणि चहा न घेता उठला.

वामनराव नव्या हातोड्यासाठी लिहीत राहिले. उत्तर यायचं, "नवीन हातोडा प्राप्त होईपर्यंत जैसे थे." जैसे थे! सरकारी भाषेतले हे दोन शब्द मला अजून विषासारखे लागतात. जैसे थे काही राहत नसतं. वाळवी तर नाहीच राहत.

* * *

श्रावणाच्या झडीत घर बसलं. भरदिवसा. लच्छीबाई भाताच्या बांधीत रोवणं, म्हणजे लावणी, करत होती, सोमाभाऊ अंगात ताप म्हणून घरात निजला होता.

आम्ही पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढलं होतं. जीव आधीच गेला होता. मी पंचनामा लिहायला घेतला. घर जमिनीला टेकलेलं. आणि अंगणात चार मेढी रोवून, वर पळसाच्या पानांचं छप्पर घालून, त्याखाली दगडांवर उचलून ठेवलेला खांब. कोरडा ठणठणीत. घराच्या छपरात जे चांगलं गवत होतं, तेही काढून त्यानं खांबाभोवती गुंडाळलं होतं.

वामनराव त्या छपराखाली वाकून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली. तिथूनच, नाक्यावर न येता, ते पावसात रेंज ऑफिसला चालत गेले. नवा हातोडा तिथं येऊन पडला होता म्हणे, फक्त तो द्यायचा कुणाच्या सहीनं ते ठरत नव्हतं. वामनराव तिथं काय बोलले कोणास ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा ते वरच्या कागदाशिवाय परत आले. हातोडा घेऊन आले.

पुढच्या बाजाराला पाऊस थांबला होता. आम्ही नाक्यावर बसलो होतो. समोरून खांब आला. पुढच्या टोकाला सोमाभाऊचा धाकटा भाऊ, मागच्या टोकाला लच्छीबाई, घट्टा पडलेल्या त्याच खांद्यावर. दोरीजवळ तो उतरवून ती म्हणाली, "हजर हाय साहेब."

वामनराव खुर्चीवरून उठले. आमच्या नाक्यावर ते कुणा गावकऱ्यासाठी उठलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी हातोडा काढला, खांबाच्या बुडाशी गुडघे टेकले आणि जुन्या ठशाशेजारी नवा ठसा मारला. एकच दणका. मग म्हणाले, "बाई, आता हा तुमचा. घर बांधा. कोणी अडवणार नाही."

लच्छीबाई खाली बसली. आधी जुन्या ठशावरून बोट फिरवलं, मग नव्या. भाताच्या बांध्यांकडं एकदा पाहिलं. धान अजून हिरवंच होतं, आणि नवं खाऊ घातल्याशिवाय पूर्वजांना उठवायचं नाही ही घरची रीत.

"साहेब," तिनं विचारलं, "नवं धान घरात येईपर्यंत तरी राहीन न हे राज्य?"