बिनचुलीची गाडी

मंगलकाकी मोठ्यानं ओरडायला लागली की गावात कुणी लक्ष देत नाही. ती तिची नेहमीची बोली. म्हशीला, मोटारीच्या स्टार्टरला, फोनमधल्या पोराला, सगळ्यांना एकाच आवाजात. पण काकी हळू बोलायला लागली, पदर कमरेला नीट खोचला आणि समोरच्याला "बरं बाबा" म्हणाली, की शहाण्यानं आपली चप्पल शोधावी.

विट्याच्या स्टँडवरचा किस्सा जुन्या माणसांना अजून आठवतो. काकी तेव्हा तिशीची. ज्वारीच्या पिठाचं पोतं आणि चटणीचा डबा घेऊन मिरजेच्या गाडीला उभी. मिरजेच्या स्टेशनवर रेल्वेनं तिकडं निघालेला गावचा माणूस गाठायचा, त्याच्याबरोबर ते सामान केरळात त्रिचूरला नवऱ्याकडं पोचवायचं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पोतंबितं चालणार न्हाई गाडीत." काकी ओरडली नाही. पोतं बसच्या दारात आडवं टाकलं, त्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "बरं बाबा. मग आपण दोघं हितंच बसू." पाऊण तास बस हलली नाही. शेवटी डेपोतल्या साहेबानं येऊन पोतं स्वतःच्या हातानं आत ठेवलं आणि कंडक्टरनं मिरजेपर्यंत तिला खिडकी दिली.

माहेर तिचं खंडाळ्याकडचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन विट्याजवळ आली. नवरा लालासाहेब गलाईवाला, म्हणजे सोनं गाळणारा. त्या भागातली निम्मी माणसं देशभरच्या सराफ पेठांत हाच धंदा करतात. जुने दागिने भट्टीत वितळवायचे आणि चोख सोनं काढून द्यायचं. लालासाहेबाचं दुकान त्रिचूरला. पस्तीस वर्षं. वर्षातनं दोनदा गावी यायचा, दिवाळीला आणि जत्रेला, पंधरा-पंधरा दिवस. बाकी दिवस मंगल, सासू-सासरे, म्हशी आणि नवा कोरा दुमजली बंगला. तिकडच्या गावांत बंगले मोठे आणि माणसं थोडी असतात. काकीच्या बंगल्याला स्वयंपाकघरं दोन, एक खाली आणि एक वर, आणि दोन्हीकडं राबणारी बाई एकच.

"मला बी न्या की एकदा त्रिचूरला," ती म्हणायची.

"रूमवर आठ माणसं असत्यात. बाईमाणसाला कुठं ठिवू?"

"मग जेवणाचं काय करताय आठ माणसं?"

"एक मलबारी ठेवलाय. बरं करतोय."

आणि सुट्टीला आला की पहिल्या घासाला एकच वाक्य. आमटीत भाकरी बुडवायची, तोंडात घालायची, छताकडं बघायचं आणि म्हणायचं, "मीठ जरा कमी हाय." पस्तीस वर्षांत एकदाही मीठ बरोबर पडलं नाही. काकीनं जास्त घालून बघितलं, मोजून बघितलं, सासूकडनं घालून घेतलं. कमीच.

गेल्या वर्षी पोरगा विश्वजीत दुकानात बसला आणि लालासाहेब कायमचा गावी आला. आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "आता मंगलला देश दाखवायचा. रामेश्वरापासनं पार गुवाहाटीपर्यंत. जिथं जिथं आपली गलाईची माणसं हायत तिथं तिथं." काकीचा चेहरा दिवाळीसारखा झाला. मग तो पुढं म्हणाला, "घराची गाडी घेऊ. आत पलंग, आत संडास, आत किचन. मला बाहेरचं खाणं सोसत न्हाई. तू हायसच."

तू हायसच! काकी हळू बोलायला लागली ती तेव्हापासनं.

मग महिनाभर बंगल्यात एकच चर्चा. नवी का जुनी? विश्वजीत फोनवर म्हणायचा, "पप्पा, नवीच घ्या, वॉरंटी असते." लालासाहेब म्हणायचा, "नवी गाडी शोरूमच्या दारातनं भाईर पडली की निम्मी घट. जुनं म्हंजे भट्टीतनं निघालेलं. जे जळायचं ते जळून गेलेलं असतंय." पारावर दोन पार्ट्या पडल्या. नवीवाले आणि जुनीवाले. ज्यांनी आयुष्यात मोपेड सोडून काही घेतलं नाही तेही चेसिसवर बोलायला लागले. सगळ्यांचं मत झालं, फक्त जिला देश बघायचा होता तिला कुणी विचारलं नाही.

शेवटी एका मंगळवारी दोन्ही गाड्या बघायला निघाले. भाड्याची जीप, चालवायला बिराप्पा. हा बिराप्पा त्रिचूरला बावीस वर्षं लालासाहेबाच्या दुकानात होता, आता विट्यात जीप चालवतो. मनानं सोनं, आणि तोंडाला झाकण नाही.

पहिला थांबा सातारा. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये अशा गाड्या बांधतात. दीपाली नावाची चुणचुणीत मुलगी गाडी दाखवायला आली. पांढरीशुभ्र, नव्या प्लायवूडचा वास, पायऱ्या बटणावर बाहेर येणाऱ्या. दीपाली काकीला हाताला धरून सरळ आत घेऊन गेली.

"काकू, हे बघा, खास तुमच्यासाठी. दोन बर्नर, सिंक, फ्रिज, मसाल्याचे ड्रॉवर. चिमणीसुद्धा आहे!"

काकी ओट्यापुढं उभी राहिली. समोर कपाट, वर चिमणी, डाव्या हाताला फ्रिज.

"पोरी, हितं उभं राहिल्यावर भाईरचं काय दिसतंय?"

दीपाली गडबडली. "इथून... म्हणजे खिडकी त्या बाजूला आहे, काकू. सोफ्याच्या."

"सोफ्यावर कोण बसायचं?"

"काका. तो मागं रेलतो. समोर टीव्ही येतो."

लालासाहेब सोफ्यावर रेललाच होता. हात डोक्यामागं, नजर खिडकीबाहेर, जणू समोर रामेश्वरचा समुद्रच.

"बरं बाबा," काकी म्हणाली.

बिराप्पानं आवाज ओळखला आणि तो जीपकडं पळाला.

पुढचा रस्ता वाईचा. वाईकडं सिनेमा-मालिकांची शूटिंगं सारखी चालतात, त्यामुळं तिथं नटमंडळींच्या बसायच्या गाड्या, व्हॅनिटी म्हणतात त्यांना, भाड्यानं देणारे पुष्कळ. त्यातल्याच सयाजीला एक जुनी व्हॅनिटी विकायची होती. वाटेत पाचवडला मिसळ खायला थांबले. लालासाहेबानं एक घास घेतला आणि प्लेट सारली.

"तेल बघा की नुसतं! हे काय खाणं हाय?"

बिराप्पा पाव चावत चावत हसला. "वैनी, शेटला भाईरचं कसं उतरंल? बावीस वर्षं बघतोय मी. स्वतःच्या हातची आमटी असल्याबिगर ह्यो माणूस जेवत न्हाई."

काकीचा चमचा थांबला. "कुणाच्या हातची?"

"शेटच्या! आठ माणसांचा सयपाक एकटा करायचा. सकाळी भट्टी लावायच्या आधी भाकऱ्या. अशा थापायचा, अशा..." बिराप्पानं दोन्ही हातांनी हवेत भाकरी थापून दाखवली आणि मग त्याचं लक्ष शेटच्या चेहऱ्याकडं गेलं. हात तसेच हवेत राहिले.

"आणि त्यो मलबारी?" काकीनं इतक्या हळू विचारलं, की शेजारच्या टेबलावरचा माणूसही वळून बघायला लागला.

"मलबारी... व्हता की," लालासाहेब पुटपुटला. "मागं कवातरी. आठवडाभर."

वाईपर्यंत बाहेर उसाच्या ट्रॉल्या, आत काकीचा श्वास. तिच्या डोळ्यांपुढनं उन्हाळे चालले होते. दर चैत्रात डंकावर जाऊन मिरची कुटायची, नाकातोंडात ठसका, डोळ्यांतनं पाणी, आणि त्यातली बारा किलो त्रिचूरला. कुणाच्या हातात दिली? त्याच्याच! वर्षात अकरा महिने भाकऱ्या थापणारा हा माणूस घरी आला, की पाण्याचा तांब्याही मागून घ्यायचा. ती बाळंतपणातनं उठून, सासऱ्यांच्या आजारपणात जागून, ताप अंगात घेऊन चुलीपुढं बसली, आणि हा छताकडं बघून म्हणाला, मीठ कमी हाय!

सयाजीची व्हॅनिटी उसाच्या कडेला पत्र्याच्या आडोशाला उभी होती. दहा वर्षांची. बाहेरनं रंग उडालेला. लालासाहेब खुशीत आला, कारण अपराधी माणसाला काम लागतं. खाली वाकून चेसिस बघितला, नखानं रंग खरवडला, रंग लागलेलं बोट नाकाशी नेलं. "हितं ठोकलीय. पण पत्रा चोख हाय. कस लागलेला माल हाय!"

काकी आत गेली. आत पलंग होता, एसी होता, कोपऱ्यात संडास होता. आणि एका भिंतीला डोक्यापासनं गुडघ्यापर्यंतचा आरसा, त्याभोवती दिवेच दिवे, पुढं गादीची खुर्ची.

"चूल कुठं हाय?" तिनं सयाजीला विचारलं.

"चूल?" सयाजी हसला. "आवं मावशी, ह्यात चूल कशाला? जेवण भाईर बनतंय. हितं बसणाऱ्यानं नुसतं बसायचं असतंय."

"नुसतं?"

"व्हय. जेवण झालं की बोलावत्यात."

काकी खुर्चीत बसली. सयाजीनं बटण दाबलं आणि दहातले आठ दिवे लागले. तेवढ्यात लालासाहेब आत आला, पलंगापाशी उभा राहिला आणि वितीनं भिंत मोजायला लागला.

"एक वीत, दोन, तीन... ह्यो आरसा काढायचा. हितं ओटा बसतोय बघ मंगल. दोन शेगड्यांचा!"

काकीनं आरशातनंच त्याच्याकडं बघितलं.

"आवं. हात काढा तिथनं."

हात निघाला.

"पस्तीस वर्षं लबाड बोललात."

"लबाड न्हवं गं... गावात कळलं असतं तर काय म्हणली असती माणसं? लालाशेट तिकडं भाकऱ्या बडवतोय. हसली असती."

"गाव हसलं असतं. आणि मला कळलं असतं तर?"

लालासाहेबानं टोपी काढली, परत घातली. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "तर घरी बी करायला लागलं असतं."

बाहेर बिराप्पा चाकाच्या मागं जाऊन बसला.

"बरं बाबा," काकी म्हणाली. "सयाजीराव, तुमच्याकडं शेगडी असंल?"

सयाजी शूटिंगला जेवणही पुरवायचा. शेगडी होती, पातेली होती, परात होती, मसूर आणि ज्वारीचं पीठही होतं.

"ह्यास्नी द्या सगळं. भाईर, त्या झाडाखाली. चटणी माझ्या पिशवीत हाय, घरचीच. त्यांच्या वळखीची हाय. नवी घ्यायची का जुनी ते मी जेवून सांगतो."

"अगं, लोकं बघत्यात..."

"बघू द्या. पस्तीस वर्षं कुणी बघितलं न्हाई."

लालासाहेब झाडाखाली बसला. पहिल्यांदा उगीच भांडी आपटली. मग कांदा हातात आला आणि हात आपोआप चालायला लागला. काकी एसीत बसून खिडकीतनं बघत होती. कांदा बारीक, एकसारखा. तेल तापेपर्यंत थांबला. चटणी घालायच्या आधी आच कमी केली, सोनं गाळणाऱ्याला आच कळते. मसूर शिजेपर्यंत परातीत पीठ मळलं, आणि थाप थाप थाप, भाकरी हातावर गोल फिरायला लागली. तव्यावर पडली, उलटली, जाळावर टेकली आणि टम्म फुगली.

फुगलेली भाकरी बघून काकीच्या रागाला खरा जोर चढला. चिरली असती, करपली असती, तर सोडून दिलं असतं त्याला. शिकाऊ माणूस म्हणून माफ केलं असतं. पण ही भाकरी तिच्या भाकरीपेक्षा पातळ होती!

ताट आत आलं. लालासाहेबानंच आणलं, दोन्ही हातांनी. तो दारात उभा राहिला, मागं बिराप्पा, त्याच्या मागं सयाजी. काकीनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, तोंडात घातली. चावली. सावकाश चावली. मग छताकडं बघितलं.

"मीठ जरा कमी हाय."

मीठ बरोबर होतं. मिठाला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे पस्तीस वर्षं पातेल्याशी बसलेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. लालासाहेबाचं तोंड उघडलं. काकी त्याच्याकडं बघत राहिली. दिव्यांचा सगळा उजेड तिच्या तोंडावर आणि ती बघतेय. त्याचं तोंड मिटलं. तो मुकाट्यानं खाली उतरला, पातेल्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि ढवळलं. त्यामुळं मागनं जेवायला बसलेल्या बिराप्पाला आणि सयाजीला खारट आमटी खावी लागली, पण दोघंही चकार शब्द बोलले नाहीत.

जेवून काकीनं हात धुतले आणि निकाल दिला.

"हीच घ्यायची. जुनी."

"मी म्हणतच व्हतो," लालासाहेब जरा उजळला. "कस लागलेला माल..."

"आरशाला हात लावायचा न्हाई. आत चूल न्हाई, ओटा न्हाई, काडीपेटीसुद्धा न्हाई. शेगडी मागच्या फळीला बांधायची, भाईरनं. जिथं गाडी थांबंल तिथं तुमी उतरायचं."

"आणि तू?"

"मी बसणार. झालं की बोलवा."

"किती दिवस असं?"

काकीनं चूळ भरली, पदर सोडला आणि किती दिवसांनी आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडली, की उसातली पाखरं उडाली:

"गुवाहाटीपतुर! मग बघू! आणि सयाजीराव, त्ये दोन दिवे लागत न्हाईत, त्ये लावून द्या आधी!"